नव्या उद्योगांना माणसे कोठे भेटतात?

व्याख्यानमालेस नेमाने येणाऱ्या मंडळींपैकी पुष्कळांच्या घरी सध्या एकच चिंता असते. मुलगा किंवा मुलगी पदवीधर झालेली आहे, गुण बरे आहेत, पण अर्जामागून अर्ज केले तरी उत्तर येत नाही. उलट ज्यांनी एखादा नवा उद्योग काढला आहे अशा तरुणांना भेटावे, तर त्यांची तक्रार अगदी दुसऱ्या टोकाची असते. काम ढीगभर आहे, पण ते करणारा माणूस मिळत नाही. एका गावात धान्य कोठारात पडून राहावे आणि शेजारच्या गावात दुष्काळ असावा, तसा हा प्रकार आहे. दोन्ही गावांना जोडणारा रस्ता नसतो, हे त्याचे कारण. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत इंटरनेटवरील समुदायांच्या रूपाने असा एक रस्ता तयार झाला आहे. तो कसा झाला, कसा चालतो आणि त्यावर खाचखळगे कोठे आहेत, हे समजावून सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘स्टार्टअप’ म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. प्रत्येक नवे दुकान म्हणजे स्टार्टअप नव्हे. किराणा मालाचे दुकान काढणाऱ्याला आपण काय विकणार आणि कोणाला विकणार, हे पहिल्या दिवशीच ठाऊक असते. स्टार्टअप काढणाऱ्याला बहुधा या दोन्ही गोष्टी शोधून काढावयाच्या असतात. हाताशी दोन-तीन सोबती, थोडे भांडवल आणि एक कल्पना, एवढ्यावर तो निघतो. अशा उद्योगात पहिली दहा माणसे कोण येतात यावर त्याचे भवितव्य ठरते. हजार माणसांच्या कारखान्यात एक माणूस कच्चा निघाला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. चार माणसांच्या उद्योगात एक कच्चा निघाला, तर उद्योगाचा एक पायच लंगडा होतो.

आणि नेमक्या याच वेळी चांगला माणूस मिळवणे सर्वांत कठीण असते. उद्योगाला नाव नाही, पगार मोठा देता येत नाही, वर्षभराने दिवा लागेल की नाही याचा भरवसा नाही. ज्याच्यापाशी मोठी पदवी आणि दहा वर्षांचा अनुभव आहे तो तिकडे कशाला फिरकेल? म्हणून अशा उद्योगाला ज्यांची योग्यता अजून कागदावर सिद्ध झालेली नाही, पण जे खरोखर योग्य आहेत, अशीच माणसे हेरावी लागतात. हेरावयाची कशी, हाच सारा प्रश्न आहे.

पदवी आणि ओळख

आजवर यासाठी दोन साधने होती. एक पदवी आणि दुसरी ओळख. पदवीचे कार्य काय, याचा मार्मिक विचार मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली केला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : नोकरी देणाऱ्याला उमेदवाराचे अंतरंग दिसत नाही, म्हणून तो बाहेरची खूण पाहतो. पदवी ही अशी खूण आहे. ती मिळवण्यास कष्ट पडतात, आणि कच्च्या माणसाला ते अधिक पडतात, म्हणूनच तिला किंमत. याच प्रकारच्या विचाराबद्दल पुढे २००१ साली स्पेन्सला दोघा अर्थशास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु खूण म्हणजे वस्तू नव्हे. खूण मिळवण्याची ऐपत ज्याला नाही, किंवा ज्याचे चित्त अभ्यासक्रमाबाहेरच्या एखाद्याच विषयात बुडालेले आहे, असा माणूस या चाळणीतून खाली पडतो.

दुसरे साधन ओळखीचे. त्याच १९७३ सालात मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारले की, ज्याच्याकडून ही नोकरी कळली तो माणूस तुम्हांला किती वेळा भेटत असे? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी शेकडा सुमारे १७ जणांनी वारंवार भेटणाऱ्या माणसाचे नाव सांगितले. शेकडा सुमारे ५६ जणांनी अधूनमधून भेटणाऱ्याचे आणि सुमारे २८ जणांनी क्वचित भेटणाऱ्याचे सांगितले. घट्ट मैत्रीपेक्षा सैल ओळख अधिक कामी येते, असा याचा अर्थ. आणि ते तर्कालाही धरून आहे. आपल्या जिवलग मित्राला जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती दूरच्या ओळखीतून.

आता समजा, माणदेशातल्या एका गावी राहणारी मुलगी आहे. पदवी साध्या कॉलेजची, आणि दूरची ओळख म्हणावी तर तालुक्याच्या गावापर्यंतची. तिच्यापाशी खूणही नाही आणि सैल ओळखही नाही. ती कितीही हुशार असली तरी बंगळूरच्या नव्या उद्योगाला तिचा पत्ता लागावा कसा? या मुलीला आपण या लेखाच्या शेवटापर्यंत दृष्टीआड होऊ देऊ नये, अशी आमची विनंती आहे. कारण हा विषय तिच्यासाठी महत्त्वाचा आहे.

छापील समुदाय

इंटरनेट येण्यापूर्वी हे प्रश्न कोणी सोडवलेच नव्हते असे मात्र नाही. हंगेरीतील जूर या गावी १८९४ मध्ये दानियेल अराञ नावाच्या शिक्षकाने शाळकरी मुलांसाठी गणिताचे एक मासिक काढले. त्यात दर महिन्याला उदाहरणे देत, मुले उत्तरे पाठवीत, आणि उत्तम उत्तरे सोडवणाऱ्याच्या नावासह छापली जात. पॉल एर्डॉश आणि पॉल तुरान हे दोघे पुढे मोठे गणितज्ञ झाले. प्रत्यक्ष भेटण्यापूर्वीच ते एकमेकांना या मासिकात छापून येणाऱ्या नावांवरून ओळखत होते. कोणाचा मुलगा, कोणत्या शाळेचा, हा प्रश्न मागे पडला होता. कोणी कोणते उदाहरण कसे सोडवले, एवढेच समोर होते.

आपल्याकडचे उदाहरण तर सर्वश्रुतच आहे. श्रीनिवास रामानुजन कॉलेजच्या परीक्षेत नापास झाले होते, कारण गणिताखेरीज दुसऱ्या विषयांकडे त्यांचे लक्षच नव्हते. १९१० साली ते नोकरीसाठी व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले, ते हातात आपली वही घेऊन. अय्यर डेप्युटी कलेक्टर होते, आणि १९०७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गणित संस्थेचे संस्थापकही होते. या संस्थेचे ग्रंथालय त्या काळी आपल्या पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते. वही पाहून अय्यरांनी कारकुनी देण्याचे टाळले आणि मद्रासच्या गणितप्रेमी मंडळींकडे त्यांना पाठवले. १९११ साली संस्थेच्या नियतकालिकात रामानुजन यांनी वाचकांना एक प्रश्न घातला. सहा महिने लोटले तरी कोणी उत्तर दिले नाही, तेव्हा ते त्यांनी स्वतःच दिले. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना जे पत्र लिहिले, त्याच्या आधी ही पायरी होती, हे आपण विसरतो.

या दोन्ही उदाहरणांत तीन गोष्टी समान आहेत. काम उघड्यावर मांडलेले होते. ते समजणारे लोक एकत्र आलेले होते. आणि कोणी तरी मुद्दाम डोळे उघडे ठेवून पाहत होते. इंटरनेटवरच्या समुदायांनी या तीन गोष्टींना वेग आणि विस्तार दिला. तत्त्व जुनेच आहे.

हेलसिंकीचा विद्यार्थी

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एका चर्चागटात लहानसा संदेश टाकला. आपण हौसेखातर संगणकाची एक कार्यप्रणाली लिहीत आहोत, तीत काय असावे असे तुम्हांला वाटते, अशा आशयाचा तो संदेश होता. हीच पुढे लिनक्स म्हणून प्रसिद्ध झाली. तिचा मूळ कोड सर्वांना खुला होता. कोणीही तो वाचावा, चूक सापडली तर दुरुस्ती लिहून पाठवावी, इतरांनी ती तपासावी, पटली तर घ्यावी, न पटली तर का पटली नाही ते सर्वांसमक्ष सांगावे, अशी कामाची रीत पडली.

या रीतीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. दुरुस्त्यांच्या देवाणघेवाणीतून प्रत्येक माणसाच्या कामाची एक जाहीर वहीच तयार होत गेली. १९९३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या रेड हॅट या लहान कंपनीने आपले बरेच कुशल लोक या वहीतून उचलले. वेल्समधील स्वॉन्झी येथे राहून लिनक्सवर वर्षानुवर्षे काम करणारा ॲलन कॉक्स हा त्यांतलाच एक. स्वतः टोरवाल्ड्सलाही १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्रान्समेटा या नव्या कंपनीने बोलावून घेतले. रेड हॅटचे पुढे काय झाले ते सांगावयास हवे. २०१९ साली आयबीएमने ती सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली.

खेळांच्या जगातही हेच घडले. सिॲटलजवळ १९९६ साली निघालेली व्हॉल्व्ह ही संगणकीय खेळ करणारी कंपनी. दुसऱ्यांच्या खेळात फेरफार करून नवा खेळ रचण्याचा नाद असलेल्या तरुणांचे समुदाय इंटरनेटवर होते. रॉबिन वॉकर आणि जॉन कुक या ऑस्ट्रेलियन तरुणांनी असाच एक खेळ रचला होता. व्हॉल्व्हने १९९८ मध्ये दोघांनाही आपल्याकडे घेतले. पुढे कॅनडातील मिन् ली आणि अमेरिकेतील जेस क्लिफ या विद्यार्थ्यांनी व्हॉल्व्हच्याच खेळात फेरफार करून १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ तयार केला. २००० साली कंपनीने खेळही घेतला आणि त्यांनाही घेतले. अर्ज आला आणि मग परीक्षा झाली, असा हा क्रम नव्हे. परीक्षा आधीच झाली होती, आणि तीही हजारो खेळणाऱ्यांनी घेतलेली.

पारखी काय पाहतो

आज ही कामाची वही एका ठिकाणी पाहावयास मिळते. टोरवाल्ड्सनेच २००५ मध्ये कोडमधील फेरफारांची नोंद ठेवण्यासाठी ‘गिट’ हे साधन तयार केले, आणि २००८ मध्ये त्यावर आधारलेले गिटहब सुरू झाले. कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या ओळी बदलल्या आणि त्यावर काय चर्चा झाली, हे तेथे जसेच्या तसे राहते. गणिती अनुमानांच्या स्पर्धा भरवणारे कॅगल २०१० मध्ये मेलबर्न येथे निघाले. तेथेही क्रमांक सर्वांना दिसतो.

परंतु जाणता पारखी केवळ क्रमांक किंवा कामांची संख्या पाहत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे तो चार गोष्टी पाहतो. पहिली, सातत्य. एका रात्रीत केलेल्या चमत्कारापेक्षा वर्षभर थोडे थोडे केलेले काम अधिक बोलते. दुसरी, प्रश्नाची निवड. कोणी न सांगता माणसाने कोणती अडचण आपली मानली, यावरून त्याची दृष्टी कळते. तिसरी, टीका सोसण्याची रीत. आपली दुरुस्ती नाकारली गेल्यावर माणूस रुसून निघून जातो, भांडत बसतो, की कारण समजून घेऊन पुन्हा लिहितो? मुलाखतीच्या अर्ध्या तासात हे कधीही कळत नाही. चर्चेच्या जुन्या पानांवर ते स्पष्ट दिसते. चौथी, नवख्यांशी वागणूक. बाळबोध प्रश्न विचारणाऱ्याला जो शांतपणे उत्तर देतो, तो उद्या आपल्या हाताखालच्या माणसांनाही तयार करील.

मग पारख्याने करावे काय? पहिल्याच दिवशी नोकरीचा निरोप धाडणे हा सर्वांत वाईट मार्ग. दारोदार माल विकणाऱ्याप्रमाणे समुदायात शिरणाऱ्याला कोणी उभे करीत नाही. त्याने स्वतः तेथे काही काळ राहावे, काही द्यावे, आपले प्रश्न प्रामाणिकपणे मांडावे. मग एखाद्या माणसाला एक लहान, मर्यादित काम द्यावे, आणि त्याचे पैसे द्यावेत. दोन आठवड्यांच्या अशा कामातून दोघांनाही एकमेकांची जेवढी ओळख होते, तेवढी पाच मुलाखतींतून होत नाही. पटले तर पुढे जावे, न पटले तर कोणाचे फारसे बिघडत नाही.

रस्त्यावरचे खड्डे

येथवर वाचून कोणाला वाटेल की आता पदवीचे राज्य संपले आणि गुणांचे राज्य आले. आम्हांला तसे वाटत नाही.

पहिली अडचण अशी की, जेथे मोजमाप आले तेथे मोजमापासाठी काम करणारेही आले. गिटहबवर रोजच्या कामाचे हिरवे चौकोन दिसतात. ते भरण्यासाठीच काम करणारे पुष्कळ निघाले. २०२० च्या ऑक्टोबरात खुल्या प्रकल्पांना मदत करणाऱ्यांस टी-शर्ट देण्याचा एक वार्षिक उपक्रम होता. त्या वर्षी निरर्थक दुरुस्त्यांचा एवढा पूर आला की प्रकल्प सांभाळणारे हैराण झाले. एखादे विशेषण इकडचे तिकडे करून लोक बक्षीस मागू लागले. शेवटी संयोजकांना नियम बदलावे लागले. आता तर कृत्रिम बुद्धीच्या साधनांनी क्षणात पानेच्या पाने लिहून मिळतात, त्यामुळे खरे काम आणि दिखाऊ काम यांतील निवड अधिकच कष्टाची झाली आहे. स्पेन्सचा नियम येथेही लागू पडतो. खूण स्वस्त झाली की तिची किंमत उतरते.

दुसरी अडचण विश्वासाची. एक्सझेड नावाचे एक लहानसे साधन जगातील असंख्य संगणकांवर असते. ते एकच गृहस्थ मुख्यतः बिनमोबदला सांभाळीत होते. २०२१ पासून जिया टॅन या नावाने कोणी तरी तेथे नेटाने मदत करू लागले, आणि हळूहळू त्याने सांभाळणाऱ्याचा अधिकार मिळवला. २०२४ च्या आरंभी त्याने त्या साधनात गुपचूप एक चोरवाट ठेवली. ॲन्ड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर होतो असे दिसले. त्याने त्याचा पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी ही चोरवाट उघडकीस आणली. सातत्य, नम्रता, मदत, आम्ही वर सांगितलेली सारी लक्षणे त्या नावामागच्या माणसाने दाखवली होती! तेव्हा जाहीर वहीवरून पारख करावी, पण तिजोरीची किल्ली देण्यापूर्वी माणूस प्रत्यक्ष भेटावा, हा जुना व्यवहार सोडू नये.

तिसरी अडचण आम्हांला सर्वांत गंभीर वाटते. समुदायात जे काम होते ते बहुतेक फुकट होते. फुकट काम करण्यास मोकळा वेळ लागतो, आणि मोकळा वेळ ही सर्वांच्या वाट्याला सारखी येणारी वस्तू नाही. जो मुलगा कॉलेजनंतर दुकानात उभा राहतो, जी मुलगी संध्याकाळी स्वयंपाक आणि धाकटी भावंडे सांभाळते, त्यांची वही कोरी राहते. कोरी वही म्हणजे गुणांचा अभाव, असे समजणारा पारखी नव्या डोळ्यांनी जुनीच चूक करतो. शिवाय या समुदायांची भाषा बहुतेक इंग्रजी. ज्याला कोड उत्तम लिहिता येतो पण इंग्रजीत वाद घालता येत नाही, तो गप्प बसतो, आणि गप्प बसलेला दिसत नाही.

फुकट कामाच्या ऋणाची जाणीव ठेवल्याची उदाहरणेही आहेत. रेड हॅटने १९९९ मध्ये आपले शेअर प्रथमच बाजारात आणले, तेव्हा कंपनीत नसलेल्या पण लिनक्ससाठी झटलेल्या अनेकांना मूळ किमतीत शेअर घेण्याची संधी देऊ केली. दलालाच्या नियमांमुळे त्यांतील कित्येकांना ती घेताना अडचणी आल्या, तरी हेतू स्तुत्य होता. गूगलने २००५ पासून चालवलेल्या उन्हाळी उपक्रमात शिकाऊ तरुणांना खुल्या प्रकल्पांवरील कामाबद्दल विद्यावेतन मिळते, आणि भारतीय विद्यार्थ्यांनी त्याचा चांगला लाभ घेतला आहे. आपल्या उद्योजकांनीही हा धडा घ्यावा. ज्या विहिरीचे पाणी आपण पितो तिचा गाळ काढण्यास हातभार लावला पाहिजे.

आपल्या गावात काय करता येईल

आता पुन्हा त्या माणदेशातल्या मुलीकडे वळू. तिच्यासाठी काय करता येईल?

कामाला आरंभ करण्यासाठी तिला अमेरिकेतला प्रकल्पच शोधावा लागतो असे नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, आणि तेथे लेखांबरोबरच तांत्रिक कामालाही माणसे लागतात. संगणकाला मराठी बोलणे समजावे म्हणून आवाजाचे नमुने गोळा करण्याचे खुले प्रकल्प आहेत. अनेक खुल्या साधनांची मराठी भाषांतरे अपुरी आहेत. मुंबईतील फ्रॅपे या कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही धंद्याचे हिशेब सांभाळणारी प्रणाली खुली आहे. तिचा कोड कोणालाही वाचता येतो आणि तीत सुधारणा सुचवता येतात. मराठी ही येथे अडचण नसून, उलट आपल्या मुलांपाशी असलेले भांडवल आहे. देवनागरीतील जोडाक्षर पडद्यावर का तुटते, हे न्यूयॉर्कच्या प्रोग्रामरपेक्षा दहिवडीच्या मुलीला लवकर उमगेल.

गावानेही काही करावे. वाचनालयात एक खोली, दोन संगणक आणि बरे इंटरनेट, एवढी सोय पुष्कळ ठिकाणी आज अशक्य नाही. महिन्यातून एकदा तेथे जमून प्रत्येकाने आपण काय केले ते दहा मिनिटे मराठीत सांगावे. पुण्यात लिनक्सप्रेमींनी असे मेळावे वर्षानुवर्षे भरवले आहेत. ज्याची भीड अशा खोलीत मोडली, त्याची जगासमोरही मोडते. ज्या मुलींना घरातून सवड मिळत नाही, त्यांच्यासाठी आई-वडिलांनी आठवड्यातील चार संध्याकाळी मोकळ्या करून द्याव्यात. आम्हांला तर वाटते, शिकवणीच्या फीपेक्षा ही देणगी मोठी ठरेल.

आणि एक गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी. रात्री उशिरापर्यंत मूल पडद्यासमोर बसलेले दिसले की आपण दोनच गोष्टी करतो : रागावतो, किंवा कौतुकाने दुर्लक्ष करतो. तिसरी करून पाहावी. शेजारी बसून विचारावे, “काय केलेस ते मला दाखव.” मूल केवळ वेळ दवडीत असेल तर ते अडखळेल, आणि खरे काम करीत असेल तर त्याचे डोळे उजळतील. रामानुजन यांची वही उघडून पाहणारे रामस्वामी अय्यर गणिताचे जाणकार होते हे खरे. पण सर्वांत आधी, समोर ठेवलेली वही उघडून पाहण्याचे सौजन्य त्यांच्यापाशी होते. जाणकारी सर्वांना साधणार नाही. ते सौजन्य मात्र आपल्यापैकी प्रत्येकाला आज घरी गेल्यावर दाखवता येईल.